तळ बदललेले बूट

प्रिय सूनबाई,

नाही, पुतळ्याच्या कार्यक्रमाला मी गेलो नाही, आणि तब्येत अगदी ठणठणीत आहे. तू विचारलं नाहीस, पण तुझी आई विचारेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. कंटाळा आला, बास. हार, भाषणं, 'वीरपिता, वीरपिता' ऐकून कान किटले. गर्दी गेल्यावर आपल्या पोराचा पुतळा बघून आलो. नाक बरं जमलंय. पण पायात बूट घातलेत.

बूट कुठे होते त्याच्या पायात? त्याच्या पलटणीतला लंबू घरी येऊन सांगत होता तेव्हा तू मध्येच उठून आत गेलीस, म्हणून तुला अर्धंच माहीत. खालून शत्रू चढत होता. जखमींना घेऊन चौकी सोडायचा हुकूम आला, पण मशीनगनवर कुणीतरी थांबायला हवं होतं. आपला म्हणाला, मी थांबतो. लंबूचे बूट फाटलेले, बर्फानं पाय काळेनिळे. यानं बसल्या बसल्या आपले काढून त्याच्या अंगावर फेकले. म्हणाला, घाल रे घोड्या, मला कुठे चालायचंय? ही माणसं ओढा ओलांडेपर्यंत गन वाजत होती. मग थांबली.

शेवटच्या सुट्टीत त्या बुटांना मीच दुहेरी टाका घातला होता. कुरकुरत घातला. त्या टाक्यावर दुसऱ्याचं पोर खाली उतरलं. असो.

काल तोच लंबू दुकानात आला. एवढा धिप्पाड गडी, स्टुलावर बसून नुसता दोरा गुंडाळत राहिला. शेवटी बोलला. त्यानं तुला लग्नाचं विचारलं आणि तू म्हणालीस, बाबांना काय वाटेल. अगं, बाबांना काय वाटतं ते बाबांनाच विचारायला तोंड नव्हतं तुला? मग त्यानं पिशवीतून ते बूट काढले. इतकी वर्षं ट्रंकेत जपलेले. चामडं वापरलं नाही की तडकतं, एवढं कळत नाही गाढवाला. चांगला झापला.

सुईत दोरा जात नाही, तरी नवा तळ लावला. तिथेच पायात घालायला लावले आणि त्याला दुकानाबाहेर काढला. रविवारी तेच घालून तुझ्या दारात येईल. तो पसंत नसेल तर तसं तोंडावर सांग. पण माझं नाव पुढे करायचं नाही. सांगायचं ते सांगून झालं. यावर आता मी एक अक्षर बोलणार नाही, विचारूही नकोस.

तुझाच,
बाबा