लाल गळ्याची मादी

४ मार्च
पोचले एकदाची! उद्यानानं दिलेली खोली छोटी पण झकास. खिडकीखालीच तळं, गादी चक्क मऊ. काम तर माझ्या अगदी आवडीचं: लाल गळ्याच्या बगळ्यांचे विणीच्या हंगामातले फोटो. जगात फार थोडे उरलेत, इथं एकच जोडी. राखणदार मामा घरून डबा देणार आहेत. लग्नाचे फोटो सोडून बगळे टिपायला निघालीस, असं दादा फोनवर चिडवत होता.

५ मार्च
घरट्याजवळच्या कापडी आडोशात दिवसभर बसले. मादी भरवताना दिसली. पिल्लू तिची चोच आडवी धरून खेचतं, मग ती अर्धवट पचलेले मासे त्याच्या घशात ओकते. आंबूस, कुजकट वास. किळस आली, पण फोटो अप्रतिम!

८ मार्च
सकाळी पिल्लू मेलेलं आढळलं. मामांनी ते उचलून नेलं तरी मादी ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. दुपारी लेन्सपुरत्या भोकातून तिनं चोच आत घातली आणि माझ्या हातावर ओकली. कोमट, बुळबुळीत. त्यातला एक मासा अजून वळवळत होता. साबणानं घासघासून धुतलं, वास जात नाही.

मामा हसले. म्हणाले, "आई आहे ती. तुला आपलं मानलंय."

११ मार्च
डब्यातला घास तोंडात नुसता फिरतो. थुंकून टाकला. हाताला मात्र सारखं नाक लावतेय. शी!

१२ मार्च
आडोशात डुलकी लागली. जाग आली तेव्हा चोच ओठांवर होती. किंचाळायला तोंड उघडलं आणि तिनं— गरम लगदा सरळ घशाखाली. खवले, काटे. बाहेर पळाले, घशात बोटं घातली. काही पडेना. पोट गच्च, तृप्त. ईऽ, तृप्त कसलं!

दादाला फोन केला. लगेच ये म्हटलं.

१३ मार्च
ओठांचे कोपरे चिरलेत, आतून पिवळे. दात हलतायत—

मामांनी डबा आणला नाही. म्हणाले, आता लागायचा नाही.

१४ मार्च
दादा आलाय. दार ठोठावतोय. कडी काढायला उठवत नाही, पाय पोटाशी दुमडलेत. हाक मारली तर निघाली ती पिल्लाची चिरचिर—

दादा विचारतोय, आत पक्षी अडकलाय का? मामा म्हणतायत, असतात तसे. तुमची बहीण तळ्यापलीकडे गेलीय, चला दाखवतो.

पावलं लांब— दादा—

खिडकीत मादी. गळा फुगलाय. तो वास. मळमळतंय, आणि तोंडाला पाणी—