चंद्रशिळेचा न कापलेला भाग

मी, सुहासिनी राजीव देवस्थळी, वय ६६, निवृत्त संशोधक, राहणार क्योतो, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. फुप्फुसे साथ सोडत असली तरी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दाब नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा सौमित्र, राहणार योकोहामा, यास मिळावी. त्याने घर विकल्यास हरकत नाही. जुनी कपाटे टाकण्यापूर्वी पालिकेला फोन करावा. तशीच बाहेर ठेवल्यास शेजारी बोलतात.

२. सायकल व सूक्ष्मदर्शक माझी विद्यार्थिनी मैत्रेयी हिला.

३. श्री. चंद्रहास पेंडसे यांना काहीही देऊ नये. माझे दिवंगत पती राजीव यांचे मित्र म्हणून वर्षानुवर्षे ते आमच्याकडे जेवले. माझा शोधनिबंध (पाहा कलम ४) छापून आल्यावर त्यांचा फोन आला, “शेवटी राजीव चुकलाच म्हणायचा!” आणि ते हसले. शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये.

४. चंद्रावरून उडून पृथ्वीवर पडलेला तो दगड. राजीवने तोक्योच्या खनिज-प्रदर्शनात घेतला होता. काळ्या, वितळून थिजलेल्या भागात पांढऱ्या फेल्डस्पार खनिजाचे तुकडे. चंद्रावर काहीतरी प्रचंड आदळल्याशिवाय दगड असा वितळत नाही. राजीवच्या मते तो दोनदा वितळला होता. दोन आघातांत कोट्यवधी वर्षांचे अंतर होते. वितळण्याच्या वयाची मोजणी सुरू असतानाच तो हृदयविकाराने गेला. ती मी पूर्ण केली. सगळीकडे एकच वय निघाले. आघात एकच. मी तसे छापले.

सौमित्र तेव्हा कॉलेजात होता. म्हणाला, “आई, बाबांना आता उत्तर देता येत नाही. थोडं थांबायचंस ना.”

मी म्हणाले, “थांबून वय बदलणार होतं का रे?”

तेव्हापासून तो माझ्याशी जपानीत बोलतो, तेही परक्या बाईशी बोलावे तसे अदबीने. निबंधाचा मला पश्चात्ताप नाही. राजीवनेही हेच केले असते. पण मुलगा दुरावला तो दुरावलाच.

अर्धा दगड मी कधीच कापला नाही. त्यात दुसरे वय निघेल याची भीती वाटे. पुन्हा तेच निघेल याची त्याहून जास्त. मैत्रेयीने तो कापावा, मोजावा. राजीव बरोबर ठरल्यास माझी चूक छापावी, श्रेय त्याच्या नावे द्यावे, आणि त्याआधी सौमित्रला फोन करावा. तो जपानीत उत्तर देईल. तिने मराठीतच बोलावे.

मी बरोबर ठरल्यास त्याला काही कळवू नये.

या देशात हस्तलिखित मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, तरी आपल्या रीतीप्रमाणे दोघांसमक्ष सही करीत आहे.

सही: सुहासिनी रा. देवस्थळी
साक्षीदार: रविकांत गोंधळेकर, दीप्ती गोंधळेकर
क्योतो, ९ नोव्हेंबर २०२५