शेगडीची आखूड तार

जानेवारी १९७३, शनिवार, दिवेलागण

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तेल तापवायला विजेची शेगडी लावली आणि आजही फ्यूज उडाला. शेगडीची तार तुटली की जळका तुकडा काढून टोकं पिळून जोडते मी. नवी कशाला आणायची? काटकसरच ना ती?

मालती माझी कॉलेजात सायन्सला. कंदिलाशी बसून तिने गणित मांडलं. "आई, शेगडी हजार वॅटची. दोनशे तीस व्होल्टवर साडेचारच्या आत अँपियर, म्हणजे तारेचा रोध त्रेपन्न ओहम. पाव तार तू काढून टाकलीस, उरला चाळीस. आता दोनशे तीसला चाळीसने भाग. पावणेसहा अँपियर! आपला फ्यूज पाचाचा. आणि वॅट झाले तेराशेच्या वर."

मला वाटायचं, तार कमी तर वीजही कमी. उलटंच निघालं. आखूड तार जास्त तापते.

सासूबाई खाटेवरून हसल्या. "मीबी दरसाल आखूड होऊन राहिली. म्हणूनच सुनेवर एवढी तापते का वं?"

उद्या नवी तार आणते म्हटलं, तर लगेच, "माह्या गुडघ्यांपायी खर्च काहून?"

मग चुलीवर तेल कोमट करून त्यांचे पाय चोळले. पूर्वी हे पाय खाटेच्या टोकाला टेकायचे. आता वीतभर जागा उरते. थट्टा केली त्यांनी, पण खरंच आखूड झाल्या.

देवापुढे हात जोडले तेव्हाही ती वीतभर जागाच डोळ्यांपुढे. तार बाजारात नवी मिळते रे देवा. यांना आहेत एवढ्या तरी राहू दे.