रेडिओ आधी, गाणे नंतर

मी, विजया रघुनाथ वैशंपायन, वय सहासष्ट, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार भेस्तान, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टर म्हणतात. म्हणून आजच लिहिते.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा अजिंक्य याला द्यावे. मात्र माझे यजमान हयात असेपर्यंत त्यांना इथून हलवू नये. त्यांना हल्ली माणसे ओळखू येत नाहीत, पण संडासाची वाट बरोबर सापडते. अजिंक्यच्या बंगळूरच्या नव्या घरात तीही सापडणार नाही.

२. माझे दागिने सूनबाई केतकीला. नकाशे आणि पृथ्वीचा गोल शाळेला. गोल परत करताना मुख्याध्यापकांनी मागच्या वेळी पावती दिली नव्हती. या वेळी घ्यावी.

३. सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि सुट्या व्हॉल्व्हांचा डबा बमरोलीच्या भटू पाटील यांना. आमचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांनीच जिवंत ठेवला आहे. संगणकाची वायर रेडिओच्या मागे, ग्रामोफोनसाठी ठेवलेल्या भोकांत त्यांनीच जोडली. मी घाबरले तेव्हा म्हणाले, "मी शे ना, बाई. हाऊ रेडू बंद पडाव नही." ते रविवारी येतात. रोज या, असे मी त्यांना सांगणार नाही. त्यांनाही पोट आहे.

४. आता रेडिओ. आमची मुलगी गौरी १९७६ साली काविळीने गेली. पंधरा वर्षांची होती. तिची गाणी यजमानांनी घरीच फितींवर घेतली होती आणि फितींचे यंत्र याच रेडिओला जोडून ती ऐकत. यंत्र मोडले. अजिंक्यने फिती बंगळूरला नेल्या आणि गाण्यांच्या फायली करून एका सीडीवर आणल्या. शेजारच्या सुकदेवभाईंच्या सीडी प्लेअरवर ती सीडी चालत नाही. त्यासाठी संगणकच लागतो. तो त्याने आणून दिला, हे मान्य.

प्रत्येक गाण्यानंतर गौरी विचारत असे, "बाबा, कुठं चुकले?" ते फितीत होते. फायलीत नाही.

"आई, मध्ये नुसती बडबड आणि खरखर होती. मी साफ केलं."

"आणि फिती?"

"टाकल्या. आता काय करायच्यात?"

हे मी त्याला माफ केलेले नाही. त्याने वाईट हेतूने केले नाही, हेही इथे नोंदवते.

५. यजमानांना वाटते, गौरी रेडिओ केंद्रावर गायला गेली आहे. खरे काय ते मी त्यांना दोनदा सांगितले. दोन्ही वेळा ती त्यांच्यासाठी त्याच दिवशी गेली. तिसऱ्यांदा सांगितले नाही. संगणकाच्या स्वतःच्या स्पीकरवर लावले तर कान झाकतात. "ही नव्हे. बंद करा." रेडिओतून आली की जेवतात.

पद्धत अशी. सकाळी आठ वाजता प्रथम रेडिओ लावावा. दिवा लागून व्हॉल्व्ह तापायला अर्धे मिनिट लागते. तोवर संगणकाला हात लावू नये. फाईल आधी सुरू केली तर गाणे मधूनच ऐकू येते. मग त्यांना वाटते, आपल्याला उशीर झाला, आणि ते केंद्रावर जायला चपला शोधू लागतात. गाणे संपले की विचारतात, "आज काही बोलली नाही. रागावली का?" तेव्हा सांगावे, "रेडिओवर मध्ये बोलू देत नाहीत." एकतीस वर्षे मी मुलांना खोटे बोलल्याबद्दल बाकावर उभे केले. हे वाक्य मी रोज म्हणते.

६. गेल्या दिवाळीत अजिंक्यला बसवून पाहिले. सगळे त्याने बरोबर केले. गाणे संपल्यावर यजमान त्याला म्हणाले, "आपण केंद्रावरचे ना? मुलीला घरी कधी सोडता?" अजिंक्य उठून गच्चीवर गेला. पुन्हा बसला नाही. मी आग्रह केला नाही.

हे काम मृत्युपत्राने कोणावर बंधनकारक करता येईल का, असे वकील मगनभाईंना विचारले. ते चष्मा काढून म्हणाले, "बेन, मकान अपाय, दागिना अपाय. आ केवी रीते आपशो?" घर देता येते, दागिने देता येतात, हे कसे देणार? तरी मी वाक्य लिहिले आहे:

माझ्यानंतर कलम पाचमधील काम रोज सकाळी ———————— यांनी करावे.

नाव लिहायला जागा सोडली होती. मृत्युपत्रात कोरी जागा चालत नाही, असे मगनभाई म्हणाले. म्हणून तिथे रेघ मारून बाजूला सही केली आहे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. त्यात बदल नाही.

विजया रघुनाथ वैशंपायन

आमच्यासमोर सही केली:
१. सुकदेव दगा महाजन, शेजारी
२. इंदुबाई शंकर सोनार, निवृत्त परिचारिका

भेस्तान, सुरत
दि. २१ नोव्हेंबर १९९९