माझी सावड परत घेण्याबाबत

संदर्भ (आधी लिहिते, कारण आधी हेच आठवते) :
तोंडात दिवसभर गंजलेल्या विळ्याची चव.
टोकावड्याहून भावाचा फोन, मध्येच कट.
ओटीवरचा पाट.
साप गेल्यासारखी ओळ.
डॉक्टर मॅडमचे तोंडी वाक्य, "निर्णय तुमचा."

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सरकारी रुग्णालय, शहापूर.

अर्जदार : बाईजा मंगळू उघडा, राहणार बोरीचा पाडा, किन्हवलीच्या पुढे.

विषय : हिपॅटायटिस सी चा उपचार चालू ठेवावा की थांबवावा, हे मला कोणीतरी सांगण्याबाबत.

महोदय,

१. गोळ्यांचा पहिला कोर्स पुरा करूनही माझा आजार परत आला. आता दुसरा चालू आहे. त्यात जोडीला दिलेल्या गोळीने अंगातले रक्त उतरते. ती कमी करून पाहिली, तरी उतरतेच. विहिरीवरून घरी येताना मला वाटेत बसावे लागते. मॅडमनी नीट समजावले. चालू ठेवले तर कोर्स भातकापणीनंतर संपेल, मध्ये रक्त चढवावे लागेल. थांबले तर अंगात ताकद येईल. पण दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर यकृत किती धरेल ते सांगता येत नाही. घरच्यांशी बोलून सोमवारी कळवा, असे त्या म्हणाल्या.

२. घरच्यांबाबत : घरी मी आहे.

३. आपण बाहेरचे, म्हणून सांगते. आमच्या पाड्यात आवणी, म्हणजे भाताची लावणी, आणि कापणी सावडीने होते. आज मी तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही माझ्या. दिवसाला दिवस. फुकट कोणी वाकत नाही. फक्त ज्या घरात त्या साली मयत झाली, त्या घराची आवणी बाकीचे करून देतात आणि दिवस परत घेत नाहीत. माझा नवरा मंगळू गेला, त्या साली माझी केली होती. तेव्हा ते बरोबर होते.

यंदाही माझी आवणी सगळ्यांनी करून दिली. मी दिवस फेडायला सुंदराच्या खाचरावर गेले. सुंदरा आमच्या सावडीची पुढारी. तिने मला धरून ओटीवर नेले, पाटावर बसवले. म्हणाली, "बस गो तू. आमी काय तुझा दिस मोजतोव?"

यंदा माझ्या घरात मयत झालेली नाही. घरात मी एकटीच आहे.

४. (हा परिच्छेद भावासाठी ठेवला होता. तो म्हणाला, "ताय, तू शिकलेली, तुझा तू ठरव." पुढचे ऐकू आले नाही.)

५. हा आजार चिखलातून, पाण्यातून, भाकरीतून जात नाही, हे बायांना ठाऊक आहे. त्या घाबरत नाहीत. घाबरल्या असत्या तर मी भांडले असते. माझी ओळ दरवर्षी वाकडी जाते. दरवर्षी कोणी ना कोणी ओरडते, "बाईजाची ओळ बघ गो, साप गेला जसा!" यंदा माझी ओळ नव्हती. सगळ्या सरळ होत्या. कोणी हसले नाही.

कापणीलाही मी गेले नाही, तर माझे नाव सावडीतून आपोआप गळेल. कोणी वाईट वागणार नाही. भात मात्र घरात येत राहील.

६. तरी विनंती की,

अ) उपचार चालू ठेवायचा झाल्यास कापणीला सुंदराच्या खाचरात माझ्या बदली एक शासकीय कर्मचारी पाठवावा. विळा मी देईन. त्याने वाकडे कापले तरी हरकत नाही, उलट बरे.

आ) ते नियमात बसत नसल्यास मला हयातीचा दाखला द्यावा. तो पेन्शनवाल्यांना देतात हे माहीत आहे. मला पेन्शन नको. दाखला दाराला लावायचा आहे.

इ) तेही शक्य नसल्यास, सोमवारी खिडकीवर जो कोणी असेल त्याने मला "घे" किंवा "थांब" एवढे म्हणावे. रागावून म्हटले तरी चालेल. घरचे माणूस म्हणते तसे.

आपली नम्र, आणि अजून असलेली,
बाईजा मंगळू उघडा
२१ ऑगस्ट

सोबत : १. रक्ततपासणीची प्रत.
२. माझ्या खाचरातली भाताची एक काडी, मी न लावलेली.

हा अर्ज लिहायला बसण्याआधी आजच्या गोळ्या घेतल्या आहेत.