उकळलेलं पाणी

प्रिय राजेश्वरी,

हे पत्र तुला निकिताच्या हातून मिळेल. तिचं सासर तुमच्या श्रीरामपुरातच, म्हणून तिला गळ घातली. आधी नाहीच म्हणत होती. "बजा, तिच्या संसारात काडी टाकायला मला नको लावू," असं तोंडावर म्हणाली. मग मी पाकिटातला दुसरा कागद तिला दाखवला. तो वाचल्यावर तिनं पाकीट पिशवीत ठेवलं. तो कागद तूही वाच, पण आधी हे वाच.

तुला सातवा लागलाय आणि पहिल्या बाळंतपणाला तू इकडे येणार, हे साऱ्या गल्लीला पाठ झालंय. तुझ्या कारभारी तात्यांनी खाटेला नवी नवार भरून घेतली. रंगुमावशींनी ओट्याच्या कडेला खास तुझ्यासाठी चूल मांडलीय आणि माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ चिंचेनं घासून लख्ख केलंय. "माझ्या लेकीला नळाचं पानी तसंच न्हाई देनार, वीस मिनिटं उकळून देनार," हे त्या दिसेल त्याला सांगतात. त्यातली वीस मिनिटं माझी आहेत. ते कसं, ते पुढे येईल.

मी आता ग्रामपंचायतीचा पाणीवाला आहे. तुला कुणी सांगितलं असेल, हसलीही असशील. सकाळी सहाला टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग गल्लीगल्लीचा. तुमच्या गल्लीचा तुमच्या दारासमोरच आहे. तात्या मला दारात उभं करत नाहीत, पण व्हॉल्व्ह उघडायला नको कसं म्हणतील? खोटं कशाला सांगू, तू येणार हे ऐकल्यापासून मी रोज मनात हिशेब करतो. तीन महिने. रोज सकाळी तू ओट्यावर बसलेली दिसशील. बोलायचं नाही, बघायचंही नाही फारसं. पाना फिरवायचा आणि पुढच्या गल्लीला जायचं. एवढ्यावर मी वर्ष काढलं असतं.

संगमनेरची लॅब आठवते का गं? ते ब्राऊन रिंगचं प्रॅक्टिकल? नळीच्या कडेनं ॲसिड हळूहळू सोडायचं, मग मधोमध तपकिरी कडं उमटतं, म्हणजे पाण्यात नायट्रेट आहे. मी घाईत नळी हलवली आणि सगळं एकत्र झालं. "तुला जरा म्हणून धीर नाही," तू म्हणालीस आणि सर यायच्या आत तुझी नळी माझ्या स्टँडला लावलीस. तू साखरपुडा झाल्यावरही परीक्षा दिलीस, पास झालीस. मी दोन महिने आधी बॅग उचलून निघून आलो. तुझं लग्न ठरल्याचा राग कॉलेजवर काढला. सरांना काय फरक पडला? मलाच पडला.

तो राग इथे आल्यावर गावाच्या कामाला आला, असं मला वाटायचं. टँकर चार दिवसांनी यायचा, विहिरीत पाणी सोडलं की बायका काठावरून ढकलाढकली करायच्या, छबूबाईंचा हात तिथेच मोडला. नळयोजना आली, टाकी झाली, घरोघर तोट्या बसल्या, आणि पाणी काही सुटेना. ओढ्याकाठच्या बोअरच्या पाण्याची एक तपासणी राहिलीय, महिनाभर थांबा, असं पाणीपुरवठ्याचे साहेब सांगायला आले. मी टाकीवर चढून बसलो. वरून ओरडलो, "तपासणी तुमच्या घरी करा, पाणी आज सोडा." खाली सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. तात्यासुद्धा, राजू. आयुष्यात पहिल्यांदा तात्यांनी माझ्यासाठी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं. त्या बोअरच्या वरच्या अंगाला सगळा कांदा आणि ऊस आहे, दर पंधरा दिवसांनी पोत्यानं खत पडतं. हे मला दिसत नव्हतं असं नाही. मी बघितलं नाही.

पावसाळ्यात हगवण लागली तेव्हा मी घरोघर सांगत फिरलो, वीस मिनिटं उकळा, मग प्या. लोकांनी ऐकलं. मावशींनी सगळ्यात जास्त ऐकलं.

आमच्या घरची बातमी तुला कळली नसेल. पंकजा वहिनीला दिवाळीत मुलगी झाली. वहिनीला दूध उतरलं नाही, म्हणून डब्याच्या पावडरीवर ठेवली. दादा-वहिनी टोळीबरोबर श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला गेले आणि आईनं लेकरू हट्टानं ठेवून घेतलं, पाचटात कुठे नेता म्हणून. तिचं पाणी मी उकळायचो. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो नाही. वीस मिनिटांचं तीस केलं, जास्त उकळलं तर जास्त चांगलं म्हणून. ती माझ्या करंगळीला धरून दूध प्यायची. दीड महिन्याची झाली तेव्हा ओठाभोवती निळसर दिसायला लागलं. आई म्हणाली, थंडी आहे, गुंडाळ. मी गुंडाळली. दोन दिवसांनी नखंही निळी पडली तेव्हा गाडीवर घालून नगरला पळवली. डॉक्टरांनी सुईत रक्त घेतलं. रक्त लाल नव्हतं, राजू. तपकिरी होतं. तुझ्या नळीतल्या त्या कड्यासारखं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा, आणि दुसरा, उकळता का म्हणून. मी मान ताठ करून हो म्हणालो. संध्याकाळी ती गेली. पाळणा आता माळ्यावर आहे.

पाणी मी स्वतः तपासायला दिलं. पाकिटात आहे तो त्याचाच रिपोर्ट. नायट्रेट पंचेचाळीसच्या आत हवं, आपलं एकशे अठरा आहे. प्रयोगशाळेतल्या माणसानं समजावून सांगितलं, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकून हे जात नाही, उकळून तर नाहीच, पाणी आटतं आणि हे उरतं, म्हणजे उलट वाढतं. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही होत नाही. पण तान्ह्या बाळाचं रक्त यानं प्राणवायू वाहायचं थांबतं, म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आणि गरोदर बाईला हे पाणी देऊ नका. एवढं कळायला मी दोन वर्षं केमिस्ट्री शिकलो होतो आणि तरी चुलीपुढे बसून फुंकर घालत होतो.

तो कागद घेऊन पंचायतीत गेलो. नायट्रेट काढायचं मशीन मंजूर आहे, कधी येईल सांगता येत नाही. टँकर मागितला, तर नळ आलेल्या गावाला टँकर मिळत नाही. जारवाला त्याच ओढ्यावर भरतो, नुसतं गार करून विकतो. मग माझं डोकं फिरलं, मी व्हॉल्व्ह बंद करून पाना ओढ्यात फेकला. तासाभरात पन्नास बायका हंडे घेऊन उभ्या. छबूबाई म्हणाल्या, "मग काय प्यायचं रं आमी, तुझा राग?" मी ओढ्यात उतरून पाना शोधला आणि माझ्या हातानं पाणी सोडलं. रोज सोडतो. पोरंबाळं असलेल्या घरी जाऊन सांगतो, बाळाला हे देऊ नका. ती विचारतात, दुसरं कुठलं देऊ?

तुमच्या घरीही गेलो होतो. ओट्याखाली उभं राहून तात्यांना रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "तुझ्या मनात काय हाय ते मला ठावं हाय. टाकीवर चढून पानी तूच आनलंस, आता माझी पोर यायची म्हन्ताना तेच पानी वंगाळ झालं व्हय?" मी चिडून काही बोललो असतो तर बरं होतं. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मावशी घंगाळ पुसत होत्या, त्यांनी वरही बघितलं नाही.

म्हणून हे पत्र. येऊ नकोस, राजू. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तरी नकोच. रिपोर्ट तुझ्या मालकांना दाखव, ते दूध संघात रोज असले कागद बघतात, त्यांना आकडा कळेल. तात्यांना नाही कळणार, आणि पहिलं बाळंतपण माहेरी न करणं म्हणजे त्यांना मान खाली घालावी लागल्यासारखं वाटेल. पण त्यांना एक कारण लगेच पटेल. फोन करून सांग, बजा रोज दारात येतो, त्याच्या डोळ्यांपुढे मला दिवस काढायचे नाहीत. ते एका शब्दानं वाद घालणार नाहीत, मला शिव्या घालतील, घालू देत. तेवढ्यापुरतं माझं नाव तुझ्या कामाला येईल. हे पत्र जाळ, रिपोर्ट ठेव. तू फोन केलास की नाही हे मला कुणी सांगणार नाही, पण मी सकाळी व्हॉल्व्ह उघडायला जाईनच. मावशींनी ओट्याकडेची चूल मोडलेली दिसली की समजेन.

यानंतर लिहिणार नाही, म्हणून एकदाच लिहून घेतो,
तुझाच
बजरंग