फिरत्या सांध्याखालचं नाव

३ मार्च

हिची कामावरची मैत्रीण बारकी आज पुन्हा आली. ही, माझी बायको, गेल्याला सहा आठवडे झाले, त्यात बारकी चौथ्यांदा आली. आधी वर्षातून दोनदा यायची.

चहा घेतला. हिच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले. आणि उठता उठता, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात – "भावोजी, ताईची एक निळी वही होती बघा, कामावरची. आहे का हो कुठे?"

नाही म्हणालो. वही तेव्हा माझ्या पाठीमागच्या कपाटात होती.

का खोटं बोललो, कोण जाणे. तीस वर्षं दुकानांतली वजनंमापं तपासण्याची नोकरी केली. जाता जाता विचारतो तो माणूस नेमका त्याच कामाला आलेला असतो, एवढं त्यात शिकलो.

५ मार्च

संग्रहालयाचं पत्र आलं, हिच्या नावाने. त्यांना कळलेलं नाही.

दुपारी फोन करून सांगितलं. तिथल्या बाई हळहळल्या. मग म्हणाल्या, इस्त्रीवर एक दालन करतोय. कपडे गुळगुळीत करायचे दगड, मग कोळशाची इस्त्री, मग सुरुवातीची विजेची. तिला बंद करायची सोयच नव्हती, अंदाजाने वायर उपसायची आणि कापड जळलं की शिकायचं. मग उष्णता कमीजास्त करायची, कापडांच्या नावांची चकती. शेवटच्या कपाटात हिच्या कारखान्याची इस्त्री, फिरत्या सांध्याची. प्रत्येक वस्तूखाली पाटी, कल्पना कोणाची ते. लेखी काही असेल तर आणा म्हणाल्या.

तो सांधा हिचा. बावीस वर्षं ही कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती, बारकी शेजारच्या टेबलावर. दिवसभर कोरं कापड इस्त्री करायचं आणि इस्त्री टिकते का बघायचं. वायर मुळाशी पिळून तुटायची. तिथे गोल फिरणारा सांधा बसवला तर हात कुठेही वळवा, वायर मोकळी. कारखान्याने हिला प्रशस्तिपत्र दिलं. ते बाहेरच्या खोलीत लावलंय. येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दाखवत आलो. मी दाखवायला लागलो की ही स्वयंपाकघरात निघून जायची. लाजाळू होती.

म्हणजे बारकीला वही कशाला हवी ते कळलं, पाटीवर आपलं नाव घालायला. पत्राची कुणकुण तिला आधीच लागलेली असणार.

८ मार्च

आली. या वेळी डबा घेऊन. "तुम्ही काय खाताय देव जाणे, आरशात बघा जरा." डबा ठेवला आणि म्हणाली, "ताईचं कपाट आवरून देऊ का? बायकांच्या वस्तू तुम्हाला कळायच्या नाहीत."

नको म्हणालो. तरी ती या खोलीतून त्या खोलीत. मीही मागे.

शेवटी वळून म्हणाली, "भावोजी, मी काय चमचे चोरायला आलेय का? नाही, खिसे तपासा हवं तर. सवय आहे तुम्हाला."

मी हसलो नाही. ती हसली, पण अर्धवट.

९ मार्च

कपाटाला कुलूप लावलं. किल्ली खिशात.

११ मार्च

मुलीचा फोन. तिला सगळं सांगितलं.

"बाबा, मावशी आहे ती. आई आजारी होती तेव्हा रोज दवाखान्यात कोण बसायचं? तुम्ही कसले दुकानदार पकडताय घरात बसून?"

रोज बसायची, हे खरं. दोघींची कुजबुज चालायची. मी आत गेलो की थांबायची. हे मुलीला सांगितलं नाही.

१३ मार्च

वही बाहेर काढली. उघडली नाही. हिचं अक्षर बघवणार नाही.

१६ मार्च

आज बारकी सरळच बोलली. बसलीसुद्धा नाही.

"वही इथेच आहे, मला माहीत आहे. एक दिवस द्या. चारच पानं बघायची आहेत."

"कोणती?"

"आहेत."

"इथे बसून बघ. माझ्यासमोर."

"ते नाही जमायचं, भावोजी."

"का?"

"ते पण नाही सांगता येणार."

मेलेल्या मैत्रिणीच्या वहीतली चार पानं, आणि कारण सांगता येत नाही! उद्याच वही संग्रहालयात नेऊन देतो.

१७ मार्च

वही जाड कागदात बांधली, चारही बाजूंनी दोरा, गाठीवर लाख. जप्तीची वस्तू बांधायचो तशीच. जप्त केलेली वस्तू आपण उघडायची नसते, जशी सापडली तशी द्यायची. हात अजून सफाईने चालतो. ही असती तर म्हणाली असती, कागदाला तरी हातकडी घालू नका.

संग्रहालयात बाईंच्या हातात दिली, पोच घेतली. बजावून सांगितलं, दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही.

१८ मार्च

बारकीला सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"दिलीत?"

"दिली."

"वाचलीत आधी?"

"नाही."

पदर सावरून उठली. मग "बरं" म्हणाली आणि गेली. चहा तसाच. मी जिंकलो असं वाटलं, ते इथे लिहून ठेवतो.

२४ मार्च

बाईंनी बोलावून घेतलं. वही टेबलावर उघडी होती.

"यात दोन अक्षरं आहेत. हे तुमच्या पत्नीचं, पत्रव्यवहारात बघितलंय. आणि हे?"

चार पानं, सगळी सांध्याच्या आकृत्यांची. अक्षर मागे झुकलेलं. डबा आणला त्या दिवशी चिठ्ठी होती वर, 'गरम करून घ्या' – तेच अक्षर. बारकी डावखुरी आहे.

बाईंनी सांधा नसलेली जुनी इस्त्री माझ्यासमोर ठेवली. "उजव्या हाताने फिरवा." फिरवली. "आता डाव्या." वायर कापडावर आडवी आली, मनगटाला अडकली. "उजव्या हाताच्या माणसाला वायर तुटते एवढंच दिसतं," त्या म्हणाल्या. "हे त्याला सुचायचं नाही."

माझी बायको उजव्या हाताची होती. तीस वर्षं पुरावे तपासले मी.

चौथ्या पानाखाली हिचं अक्षर होतं, अलीकडच्या शाईत. वाचावंच लागलं. 'हे सगळं बारकीचं. ती तेव्हा रोजंदारीवर. साहेब म्हणाले, रोजंदारीवालीचं नाव वर पाठवता येत नाही, तुझं घाल. घातलं. पुढे ती कायम झाली, पण नाव बदलायचं राहिलं. घरी सांगणार होते, तोवर यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.'

बाई म्हणाल्या, प्रशस्तिपत्र तुमच्याकडे आहे, वही तुमच्या घरची आहे. परत मागितलीत तर द्यावी लागेल. पाटी सोमवारी कोरायला जाते, त्याआधी सांगा.

२५ मार्च

बारकीच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. तिला पत्ता विचारावा लागला. दोन खोल्या, दाराशी इस्त्रीचं टेबल.

"चार पानं घेऊन काय करणार होतीस?"

"फाडणार होते."

"तुझीच पानं?"

"ताईचं नाव राहावं म्हणून." खाली बघून कापडाच्या घड्या घालत होती. "दवाखान्यात तिनेच सांगितलं, वही काढून घे, यांच्या हाती पडू देऊ नकोस. मी म्हटलं, अगं, भावोजींना तूच सांग ना एकदाचं. तर म्हणाली, जन्मभर लोकांची खोटी मापं पकडली त्यांनी. एक त्यांच्याच भिंतीवर टांगलंय, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

तिने घड्या बाजूला ठेवल्या. तिने पाणी दिलं.

हिला माझी भीती वाटत होती. इतकी वर्षं, एका घरात.

"अजून वेळ गेली नाही," बारकी म्हणाली. "आणा परत. जाळून टाकू. मला काय करायचीय पाटी? इस्त्री करताना वायर आडवी येत नाही, तेवढं पुरे."

"तुला कधी राग नाही आला तिचा?"

"आला की. दोन वर्षं बोलत नव्हते. तुम्हाला कुठे कळलं ते."

२६ मार्च

प्रशस्तिपत्र काढलं. मागे भिंतीचा रंग नवा राहिलाय.

२८ मार्च

संग्रहालयात गेलो. बाईंनी पाटीवरच्या नावासाठी कागद पुढे केला, पेन दिलं. लिहायला वाकलो आणि हात थांबला. वर्षानुवर्षं घरी येणाऱ्या बाईचं 'बारकी'पलीकडचं खरं नाव मला माहीत नव्हतं.

तिथूनच बारकीला फोन केला. तिने सावकाश सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग विचारलं, "लिहिलंत?"